‘चालला’ आणि ‘पडला’ : मूकपटांविषयी चित्रगृहमालकांच्या निवाड्याची भाषा

मूकपटांच्या कालखंडात भारतात सुमारे १,३०० चित्रे निर्माण झाली असे सामान्यतः मानले जाते. त्यांपैकी आज पाहावयास मिळतात ती अगदी थोडी, आणि जी मिळतात त्यांतीलही बरीचशी तुटक अवस्थेत. १९६४ मध्ये पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली, त्यापूर्वीच बहुसंख्य फिती जळून, कुजून अथवा त्यांतील रुप्यासाठी विकल्या जाऊन नाहीशा झाल्या होत्या. ह्याचा एक परिणाम असा झाला आहे की, मूकपटांचा इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती चित्र नसते, चित्राविषयीचा निवाडा तेवढा असतो. अमुक चित्र फार चालले, तमुक चित्र पडले, ही वाक्ये ग्रंथांतून ग्रंथांत उतरत जातात आणि कालांतराने त्यांना पुराव्याची प्रतिष्ठा प्राप्त होते. हा निवाडा मुळात कोणी दिला, असे विचारू लागले म्हणजे बहुतेक वेळा बोट चित्रगृहाच्या मालकाकडे जाते. प्रेक्षक रोज रात्री डोळ्यांसमोर पाहणारा आणि त्यांची गणना पैशात करणारा तोच एक मनुष्य होता. म्हणून त्याच्या निवाड्याची भाषा कशी घडली आहे आणि ती काय सांगते, काय झाकते, ह्याचा विचार होणे अगत्याचे आहे.

मराठीत हा निवाडा मुख्यतः दोन अकर्मक क्रियापदांनी व्यक्त होतो. चित्र ‘चालते’ किंवा ‘पडते’. ही क्रियापदे चित्रपटासाठी घडविलेली नाहीत. नाणे चालते, दुकान चालते, नाटक चालते. भाव पडतो, भिंत पडते, नाटक पडते. दोहोंची रचना पाहिली तर कर्त्याच्या जागी चित्र आहे आणि प्रेक्षक वाक्यातून पूर्णपणे गळालेला आहे. ‘लोकांना चित्र आवडले’ असे म्हटले की अनुभव घेणारे लोक चतुर्थीत तरी उपस्थित असतात. ‘लोकांनी चित्र उचलून धरले’ असे म्हटले की तेच लोक तृतीयेत येऊन क्रियेचे कर्ते होतात. ‘चित्र चालले’ ह्या वाक्यात मात्र लोक नाहीत, गाव नाही, तिकिटाचा दर नाही, पावसाळा की उन्हाळा हेही नाही. चालण्याचा किंवा पडण्याचा गुण जणू चित्राच्या अंगी उपजतच होता, असा भास ह्या रचनेने निर्माण होतो. एका गावी, एका आठवड्यात, एका माणसाच्या गल्ल्यावर जे घडले ते अशा रीतीने चित्राचा स्थायी धर्म बनते. इतिहासकाराची फसगत होते ती येथे.

ह्याचे उत्तम उदाहरण दादासाहेब फाळके यांच्या चरित्रातूनच मिळते. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांपुढे आला आणि तेथे २३ दिवस चालला असे सांगितले जाते. पुढे तेच चित्र सुरतेस गेले तेव्हा पहिल्या दिवसाचे उत्पन्न अवघे तीन रुपये झाले, अशी आख्यायिका आहे. तेथील थिएटरमालकाने फाळक्यांपुढे जे गाऱ्हाणे मांडले ते मोठे बोलके आहे. चित्र वाईट आहे असे तो म्हणाला नाही. ह्या गावचे लोक दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहतात, तर तीन आण्यांत दीड तासाचा खेळ त्यांना महाग वाटणार; तेव्हा दर उतरवा अथवा खेळ लांबवा, असा त्याचा आग्रह होता. फाळक्यांनी दोन्ही गोष्टी नाकारल्या आणि एक जाहिरात काढली. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि सारे तीन आण्यांत, असा तिचा आशय होता. त्यानंतर उत्पन्न तीनशे रुपयांवर गेले, असे ह्या कथेचे तात्पर्य सांगितले जाते.

ह्या कथेतील रुपयांचे आकडे कितपत काटेकोर आहेत, हा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला तरी तिच्यात एक तपासण्याजोगी गोष्ट राहते. ३५ मिलिमीटर फितीच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. त्या हिशेबाने ५७,००० छायाचित्रांची लांबी सुमारे ३,५६० फूट भरते. आणि ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सामान्यतः ३,७०० फूट दिली जाते. म्हणजे छायाचित्रांचा आकडा जवळजवळ खरा आहे. मैलांचा आकडा मात्र तसा नाही. दोन मैल म्हणजे १०,५६० फूट. चित्राची लांबी पाऊण मैलाच्याही आतच होती. सुरतेच्या मालकाने चित्र मोजले ते तासांत, कारण त्याच्या गिऱ्हाइकाची मोजणी नाटकाच्या तासांत होती. फाळक्यांनी तासांच्या जागी छायाचित्रे आणि मैल ही नवी मापे आणली आणि त्या मापांत तीन आणे स्वस्त ठरविले. चित्र बदलले नाही, प्रेक्षकही त्याच गावचे राहिले. बदलले ते माप. तेव्हा ह्या चित्राविषयी ‘सुरतेस पडले’ हा पहिल्या दिवसाचा निवाडा आणि ‘सुरतेस चालले’ हा पुढील दिवसांचा निवाडा, ह्यांतील कोणताही एक चित्राविषयीचा निवाडा म्हणता येत नाही. दोन्ही निवाडे एका देवघेवीविषयी आहेत.

मुंबईतील यशाकडेही ह्याच दृष्टीने पाहावयास हवे. कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ एकटा दाखविला जात नव्हता. आरंभीच्या जाहिरातींत त्याच्याबरोबर एका युरोपीय नर्तकीचे नृत्य, विनोदी प्रवेश आणि पायांनी कसरत करणाऱ्याचे खेळ यांचाही समावेश होता. चित्रगृहाच्या चालकाने जुन्या गिऱ्हाइकाला ओळखीची वस्तू देऊन तिच्यासोबत नवी वस्तू पुढे केली. व्यापारात ही रीत सर्वत्र आहे. परंतु मग त्या दिवसांच्या गर्दीचे श्रेय कोणास किती, हा हिशेब गल्ल्यावरून करता येत नाही. गल्ला बेरीज सांगतो. बेरजेतील पदे सांगत नाही.

१९१७ मधील ‘लंकादहन’च्या बाबतीत तर निवाड्याचे स्वरूपच पालटते. मुंबईत ह्या चित्राचे खेळ सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत होत, पुण्यात दार मोडण्यापर्यंत गर्दी लोटली आणि मद्रासला जमलेली नाणी पोलिसांच्या संरक्षणात बैलगाडीतून न्यावी लागली, अशा हकीकती चित्रपटेतिहासात वारंवार येतात. त्यांत अतिशयोक्ती किती हे ठरविणे कठीण आहे. तथापि पुढे स्वतः निर्माते झालेले जे. बी. एच. वाडिया यांनी जी आठवण नोंदविली आहे ती अधिक मोलाची आहे. मुंबईच्या आसपासच्या खेड्यांतील भाविक बैलगाड्या जोडून रामाच्या दर्शनास आले आणि कित्येक जण रात्री तेथेच मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पुन्हा चित्र पाहावयास थांबले, असे ते सांगतात. ह्या दोन हकीकतींत बैलगाडी दोनदा येते. एकीत ती नाणी वाहून नेते, दुसरीत माणसे घेऊन येते. चित्रगृहमालकाच्या भाषेला पहिल्या गाडीचे वर्णन करता येते, दुसरीचे येत नाही. मुक्काम ठोकून दुसऱ्यांदा तिकीट काढणारा यात्रेकरू आणि वेळ घालविण्यासाठी आत शिरलेला गिरगावकर, दोघेही गल्ल्यात सारख्याच किमतीची नाणी टाकतात. ‘दर्शन’ ह्या शब्दाने जो अनुभव सूचित होतो तो ‘चालला’ ह्या शब्दात मावत नाही.

असे निवाडे मोठ्या प्रमाणावर आणि लेखी स्वरूपात जेथे उपलब्ध आहेत असे स्थळ अमेरिकेत आहे. तुलनेसाठी त्याचा विचार उपयुक्त ठरतो. शिकागोहून निघणाऱ्या ‘एक्झिबिटर्स हेरल्ड’ ह्या धंदेवाईक साप्ताहिकात मूकपटांच्या काळी एक सदर असे. चित्राने माझ्यासाठी काय केले, अशा अर्थाचे त्याचे नाव होते. त्यात लहानलहान गावांतील चित्रगृहमालक चित्राचे नाव, दोनचार ओळींचा शेरा, आपले चित्रगृह व गाव आणि शेवटी आपले गिऱ्हाईक कोणत्या प्रकारचे, एवढे लिहून पाठवीत. पाऊस, खराब रस्ते, गावातील दुसरा एखादा समारंभ, चित्राचे भाडे, प्रतीची अवस्था ह्या गोष्टी त्या शेऱ्यांत सहज येऊन जात. सदराच्या नावातील व्याकरण लक्षात घेण्याजोगे आहे. कर्ता चित्र आहे. परंतु ‘माझ्यासाठी’ ह्या पदाने निवाडा देणारा आणि त्याचा स्वार्थ दोन्ही उघड झाले आहेत. मराठी ‘चालला’मध्ये जो मालक लपून बसतो तो येथे समोर येतो. शिवाय हे लेखन होते दुसऱ्या गावच्या मालकासाठी. पुढील महिन्यात तेच चित्र भाड्याने घ्यावयाचे की नाही, हे त्यास ठरवावयाचे असे. म्हणून आपले गाव कोणत्या जातीचे हे सांगणे लिहिणाऱ्यास आवश्यक वाटे. स्थळ, गिऱ्हाईक आणि लाभ ह्या तीन मर्यादांसह दिलेला निवाडा हा त्या सदराचा खरा गुण आहे.

आपल्याकडे ह्या प्रकारचे सर्वांत मोठे साधन म्हणजे १९२७-२८ च्या भारतीय सिनेमॅटोग्राफ समितीपुढील साक्षींचे खंड. दिवाणबहादूर टी. रंगाचारियर ह्यांच्या अध्यक्षतेखाली ऑक्टोबर १९२७ मध्ये ही समिती नेमली गेली. तिने देशभर प्रवास केला, हजारो प्रश्नावल्या पाठविल्या, ३५३ साक्षीदारांची तोंडी साक्ष घेतली आणि १९२८ मध्ये अहवाल सादर केला. त्या सुमारास देशात चित्रगृहे तीनशेच्या आसपास होती. १९२६-२७ मध्ये प्रदर्शित झालेल्या मोठ्या चित्रांपैकी सुमारे १५ टक्केच भारतीय होती. उरलेली परदेशी, आणि त्यांतही बहुतांश अमेरिकन. समितीपुढे निर्माते, अधिकारी, शिक्षक, समाजकार्यकर्ते यांच्याप्रमाणे चित्रगृहांचे मालक व चालकही आले. ह्या साक्षींवरून एक गोष्ट पुरेशी स्पष्ट झाली. संख्येने थोडी असूनही भारतीय चित्रांस भारतीय प्रेक्षकांची पसंती होती. परदेशी चित्रांत डग्लस फेअरबँक्सच्या ‘द थीफ ऑफ बगदाद’सारखे अद्भुताचे चित्र सर्वांत लोकप्रिय ठरले होते.

परंतु ह्या साक्षींची भाषा अमेरिकन सदराच्या भाषेहून मूलतः भिन्न आहे. त्या भिन्नतेचे कारण श्रोत्यात आहे. येथे मालक दुसऱ्या मालकाशी बोलत नाही. तो सरकारशी बोलतो. प्रश्न आधीच ठरलेले आहेत. प्रेक्षक युरोपीय की भारतीय, शिक्षित की अशिक्षित, अशी विभागणी करून कोणत्या वर्गास काय रुचते हे त्यास विचारले जाते. अमेरिकन मालक ‘हे लहान गाव आहे’ एवढ्यावर थांबतो. येथील मालकास ‘हा अशिक्षितांचा वर्ग आहे’ असे म्हणावे लागते. त्याच्या अनुभवातील कोटी वेगळ्या होत्या. स्वस्त तिकिटाचे जमिनीवर बसणारे लोक, खुर्चीवाले, पडद्याआडच्या स्त्रिया, बाजाराच्या दिवशी येणारे शेतकरी, ह्या त्या कोटी होत. प्रश्नावलीच्या कोटींत त्या बसवताना रुचीचा संबंध अक्षरज्ञानाशी जोडला गेला. पौराणिक व साहसी चित्रे अशिक्षितांची आणि सामाजिक चित्रे शिक्षितांची, हे समीकरण मराठी समीक्षेने पुढे निमूटपणे स्वीकारले. त्याच्या घडणीत ह्या प्रश्नोत्तरांचा वाटा लहान नसावा.

भाषेच्या अभ्यासकास ह्या समीकरणातील एक दोष चटकन दिसावा. मूकपटात लिखित मजकूर होता. चित्रांच्या मधूनमधून पाट्या येत, आणि एकाच पाटीवर दोन, कधी त्याहून अधिक भाषा असत; ‘राजा हरिश्चंद्र’च्या उपलब्ध प्रतीत त्या हिंदी व इंग्रजीत आहेत. परंतु चित्रगृहात ह्या पाट्या मनातल्या मनात वाचल्या जात नव्हत्या. ज्यांना वाचता येई ते मोठ्याने वाचीत आणि शेजारचे ऐकत. वाद्ये वाजत, लोक बोलत, देवाचा जयजयकार करीत. ‘मूक’ हे विशेषण फितीस लागू पडते, खेळास नाही. ज्या सभागृहात एकाच्या वाचनावर दहा जणांचे आकलन चालत होते तेथे शिक्षित आणि अशिक्षित हे दोन स्वतंत्र प्रेक्षकवर्ग होते असे मानणे वस्तुस्थितीस धरून नाही. मालकास हे दिसत असणारच. पण प्रश्नावलीत त्यासाठी जागा नव्हती.

आणखी एक गोष्ट. समितीपुढे येणाऱ्या मालकास काही राखावयाचे होते. मुंबई इलाख्यात १९२३ पासून करमणूक कर आला होता. परदेशी चित्रांवर निर्बंध येणार काय, ब्रिटिश साम्राज्यातील चित्रांस सक्तीचा वाटा मिळणार काय, मादन कंपनीच्या साखळीने लहान मालकांची कोंडी होते काय, हे प्रश्न समितीपुढे होते. अशा वेळी ‘आमच्या प्रेक्षकांना अमुक चित्रेच आवडतात’ ह्या विधानात निरीक्षण किती आणि विनवणी किती, हे वेगळे काढावे लागते. त्यात भर म्हणजे हे खंड इंग्रजीत छापले गेले. मराठी किंवा गुजराती भाषक मालकाचे बोलणे इंग्रजी वाक्यात उतरताना ‘चालते’चे ‘लोकप्रिय आहे’ झाले. धंद्याचे क्रियापद अशा रीतीने रुचीचे विशेषण बनले आणि गल्ल्याची नोंद प्रेक्षकांच्या अभिरुचीचे वर्णन म्हणून वाचली जाऊ लागली.

मुफसलातील प्रेक्षक तर ह्या सर्व नोंदींत आणखी एक पायरी दूर राहतो. पिंपरी, चिंचवड, चाकण हा आजचा गजबजलेला औद्योगिक पट्टा मूकपटांच्या काळी खेडी आणि लहान बाजारपेठा ह्यांचा प्रदेश होता. अशा गावांतील माणसाने चित्र पाहिले ते तालुक्याच्या किंवा शहराच्या ठिकाणी जाऊन, अथवा जत्रेत आलेल्या तंबूत. त्याची तीन आण्यांची मोजणी शहरातील मालकाच्या गल्ल्यात झाली, किंवा तंबूबरोबर पुढच्या गावी निघून गेली. ‘पुण्यास चालले’ ह्या वाक्यात पुण्याबाहेरचे किती जण होते, हे ते वाक्य सांगत नाही.

पुण्यापुरते बोलावयाचे तर मंडईजवळील आर्यन हे चित्रगृह ह्या संदर्भात महत्त्वाचे आहे. गंगाधर नरहर ऊर्फ बापूसाहेब पाठक ह्यांनी ते १९१५ मध्ये सुरू केले. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे, बाबूराव पेंटर यांनी दिग्दर्शित केलेले ‘सैरंध्री’ हे चित्र ७ फेब्रुवारी १९२० रोजी ह्याच चित्रगृहात प्रकाशित झाले. लोकमान्य टिळकांनी पेंटरांचा ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरव केला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. ‘सैरंध्री’विषयी आज जे बोलले जाते त्यात तिकीटविक्रीचा निवाडा आणि लोकमान्यांचा निवाडा हे दोन्ही एकत्र मिसळलेले आहेत. चित्राची फीत उपलब्ध नसल्याने ते एकमेकांपासून सोडविता येत नाहीत.

ह्याच्या उलट उदाहरण पेंटरांच्याच ‘सावकारी पाश’चे. नारायण हरी आपटे यांच्या कथेवर आधारलेले हे १९२५ चे चित्र. सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावलेला शेतकरी शहरात मजूर होतो, असा त्याचा विषय. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांची. भारतीय चित्रपटातील वास्तववादाचा आरंभ म्हणून ह्या चित्राचा आदराने उल्लेख केला जातो आणि लगेच जोडले जाते की ते धंद्याच्या दृष्टीने चालले नाही, कारण प्रेक्षकांना पुराण व इतिहास हवा होता. पहिले विधान चित्राविषयी आहे, दुसरे प्रेक्षकांविषयी. पहिले विधान चित्र पाहिलेल्यांच्या आठवणींवर उभे आहे. दुसरे ज्या ‘चालले नाही’वर उभे आहे त्याला ना गाव आहे, ना आठवडा, ना दर. ज्या शेतकऱ्याची ती कहाणी, त्याच्या गावाजवळ ते चित्र पोहोचले काय, आणि पोहोचले असल्यास कोणत्या दराने, हे विचारल्यावाचून ‘प्रेक्षकांस वास्तव नको होते’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे अनुपस्थित साक्षीदाराच्या नावाने निकाल देणे होय. फीत नष्ट झाली असल्याने ह्या निकालावर अपीलही करता येत नाही. म्हणूनच येथे अधिक सावधगिरी हवी.

ह्यावर असा आक्षेप संभवतो की, टीकाकाराच्या मतापेक्षा गल्ला हाच अधिक निःपक्षपाती साक्षीदार आहे. तो कोणाची भीड धरीत नाही. ह्या आक्षेपात तथ्य आहे. चित्रगृहाच्या मालकाने आपले पैसे गुंतविलेले असत. चुकीच्या निवाड्याची शिक्षा त्यास दुसऱ्याच दिवशी भोगावी लागे. वृत्तपत्रातील परीक्षकास तशी कोणतीच शिक्षा नव्हती. प्रेक्षक केव्हा हसतात, केव्हा उठून बाहेर जातात, कोणत्या प्रसंगी नाणी फेकतात, हे त्याच्याइतके कोणी पाहिले नाही. सुरतेच्या त्या अनाम मालकाने नाटकाच्या तासांशी चित्राच्या तासांची केलेली तुलना प्रेक्षकाच्या मनाचे जे ज्ञान दाखविते ते त्या काळच्या अनेक लेखांत सापडणार नाही. तेव्हा त्याची साक्ष टाकून द्यावयाची नाही. ती पूर्ण वाक्यात परत लिहावयाची आहे.

पूर्ण वाक्यात लिहिणे म्हणजे गळालेली पदे भरून काढणे. चित्र चालले, ते कोठे? कोणत्या हंगामात आणि कशाच्या जोडीने? प्रेक्षकाने दुसऱ्या कोणत्या करमणुकीशी तुलना करून किती आणे दिले? आणि मालकाने ही गोष्ट कोणास सांगितली, दुसऱ्या मालकास, निर्मात्यास की सरकारास? ह्या प्रश्नांची उत्तरे जेथे मिळतात तेथे ‘चालला’ हा मौल्यवान पुरावा ठरतो. जेथे ती मिळत नाहीत तेथे तो केवळ एक ऐकीव शब्द आहे, आणि त्याच्या आधारे एका पिढीच्या अभिरुचीचे वर्णन करण्याचा अधिकार अभ्यासकास पोहोचत नाही. मराठी चित्रपटाच्या इतिहासातील ‘सावकारी पाश’संबंधीचे परंपरागत मत ह्या कसोटीवर टिकत नाही, ‘राजा हरिश्चंद्र’ व ‘लंकादहन’ ह्यांविषयीची मते काही अंशी टिकतात. रंगाचारियर समितीच्या खंडांतील चित्रगृहमालकांच्या साक्षी ह्या दृष्टीने एकेक करून तपासणे आणि त्याच काळातील वृत्तपत्रांतील जाहिरातींशी, तिकिटांच्या दरांशी व खेळांच्या वेळांशी त्या ताडून पाहणे, हे काम मराठी भाषेच्या व चित्रपटाच्या विद्यार्थ्यांनी मिळून हाती घ्यावयास हवे. नाहीशी झालेली चित्रे त्यामुळे परत मिळणार नाहीत; परंतु ती पाहावयास बैलगाडी जोडून आलेल्या माणसांविषयी अधिक खरे बोलता येईल.